एकतीस तासांचा ठिपका

३ मार्च

आत्या,

पत्र लिहायचं टाळत होते हे आधीच कबूल करते, नाहीतर ते ओळखून काढण्यात तुझी पहिली पाच मिनिटं जातील. दोन महिन्यांत तीनदा कागद घेतला. पहिल्यावर सामानाची यादी लिहिली गेली, दुसऱ्यावर समोरच्या छतावरच्या मांजरीचं चित्र उमटलं, तिसऱ्यावर नुसतं "आत्या" एवढंच राहिलं. कारण तुला ठाऊक आहे. तुझ्या घरी वर्षभर राहून, तुझ्याकडून संख्याशास्त्र शिकून, परीक्षेच्या आदल्या दिवशी जी मुलगी पिशवी उचलून सर्कशीच्या तंबूवाल्यांबरोबर निघून जाते, तिने पत्र लिहायचं, आणि आता तर त्याच विषयातली शंका विचारायची, ती कुठल्या तोंडाने? फोन करता आला असता. पण फोनवर तू गप्प राहिलीस की मला बडबड सुटते आणि मुद्दा तसाच राहतो.

मुद्दा असा, की मी आता लिफ्ट दुरुस्त करते. हसू नकोस. तंबू झाला, बोटीवरचं स्वयंपाकघर झालं, बुकबाइंडिंग झालं, आता हे. चार महिने झाले. सहा महिने कच्ची नोकरी, मग ठेवायचं की नाही ते ठरतं. लिफ्टच्या माथ्यावर उभं राहून वर बघितलं की तो काळा बोगदा आणि ग्रीस लावलेले दोर... असो, ते पुढच्या वेळी.

आम्ही पाच जण आहोत. सगळ्यात जुने मिस्त्रीकाका. कमी बोलतात. बिघाड ऐकून ओळखतात. लिफ्टच्या दाराला कान लावतात आणि सांगतात, तिसऱ्या मजल्याचा कुलूप-खटका. दुसरा आमचा घड्याळ्या. दर दहा मिनिटांनी मनगट बघतो म्हणून हे नाव. सहा महिन्यांपूर्वी नवीन मॅनेजरबाई आल्या. हुशार आहेत, खडूस नाहीत. त्यांनी गेल्या सोमवारी भिंतीवर एक चित्र लावलं. खाली तासांची पट्टी, वर आमची पाच नावं. प्रत्येक नावासमोर एक आडवी पेटी, पेटीत एक उभी रेघ, दोन्हीकडे मिशांसारख्या काड्या, आणि एखाद्या मिशीच्या पुढे लांब एकटाच ठिपका. दर तक्रारीची एक चिठ्ठी असते; तक्रार आल्यापासून लिफ्ट चालू होईपर्यंत त्या चिठ्ठीला किती तास लागले, त्याचं ते चित्र.

मिस्त्रीकाकांची पेटी सगळ्यात मोठी. घड्याळ्याची काड्यापेटीएवढी. मी शिकलेली ना, मी सगळ्यांसमोर जाहीर केलं की सगळ्यात जास्त काम मिस्त्रीकाकांनी केलं, पेटी बघा केवढी भरलीय. टाळ्या वाजवायला लावल्या. त्या बिचाऱ्यांनी लाजत सगळ्यांना चहा सांगितला. चहा हातात असतानाच बाई आल्या आणि म्हणाल्या की पेटी मोठी म्हणजे काम मोठं नव्हे, उशीर मोठा. सगळ्यांनी भरलेले कप तसेच खाली ठेवले.

महिनाअखेर मिस्त्रीकाकांचा करार संपतोय. बाई म्हणतात, या चित्रावरून तो वाढवणं अवघड आहे. तीस वर्षं लिफ्टमध्ये काढलेला माणूस, आत्या. चित्राची नक्कल सोबत पाठवते. मला एवढंच सांग, ही पेटी लहान कशी करायची?

तुझी भिंगरी

९ मार्च

प्रिय भिंगरी,

मांजरीचं चित्रही पाठवायला हवं होतंस.

पेटी लहान करायचा उपाय माझ्याकडे नाही. ती वाचायची कशी ते सांगते, कारण तुझ्या बाई आणि तू, दोघींनी अर्धीच वाचली आहे.

तुझी चूक माझ्या वर्गातली निम्मी मुलं दरवर्षी करतात. पेटी म्हणजे गोणी नव्हे, फुगली म्हणून जास्त भरली असं होत नाही. एका माणसाच्या सगळ्या चिठ्ठ्या घे आणि कमी तासांपासून जास्त तासांपर्यंत ओळीने मांड. मधोमध जी चिठ्ठी येईल ती पेटीतली रेघ. खालच्या अर्ध्याची मधली चिठ्ठी म्हणजे पेटीची डावी कड, वरच्या अर्ध्याची मधली म्हणजे उजवी. म्हणून पेटी लांब असो की आखूड, तिच्यात निम्म्याच चिठ्ठ्या असतात. आखूड पेटीत त्या दाटीवाटीने बसतात, लांब पेटीत पांगतात, एवढाच फरक. चिठ्ठ्या एकूण किती, हे चित्र सांगत नाही. का, हे तर मुळीच सांगत नाही.

आता मिस्त्रींची पेटी बघ. डावी कड तीन तासांवर, रेघ पाचावर, उजवी कड अकरावर, मिशी बावीसपर्यंत. म्हणजे त्यांची निम्मी कामं पाच तासांच्या आत उरकतात. संथ माणूस असता तर सगळी पेटीच उजवीकडे सरकली असती. इथे रेघेच्या डावीकडचा भाग चिमुकला आणि उजवीकडचा तिप्पट लांब आहे. मला तर एका पेटीत दोन जातींची कामं कोंबलेली दिसतात. ती दुसरी जात कुठून आली, ते शोध.

आणि एकतीस तासांवर जो ठिपका आहे, त्याला घाबरू नकोस, दुर्लक्षही करू नकोस. पेटीच्या लांबीच्या दीडपट अंतर कडेपुढे मोजायचं, त्याच्याही पलीकडे जे उरतं ते वेगळं ठिपक्याने दाखवायचं, असा आमचा साधा रिवाज आहे. ठिपका म्हणजे गुन्हा नव्हे. इथे येऊन बघा, एवढंच तो म्हणतो. कदाचित नुसती नोंद चुकली असेल. कुणी तारीख चुकीची घातली असेल. ते तपास.

परीक्षेचं जाऊ दे. स्वयंपाकघरातला तुझा डबा अजून तिथेच आहे, त्यात मी आता बटणं ठेवते.

आत्या

१४ मार्च

आत्या,

रविवारी वर्कशॉपची किल्ली मागून घेतली आणि मिस्त्रीकाकांच्या सहा महिन्यांच्या चिठ्ठ्या जमिनीवर मांडल्या. सत्तेचाळीस. रांग पार लेथ मशीनच्या खाली गेली. मग मी चोविसाव्या चिठ्ठीवर पाय ठेवून उभी राहिले. एका बाजूला तेवीस, दुसऱ्या बाजूला तेवीस. आत्या, तू वर्षभर फळ्यावर जे काढत होतीस ते मला त्या क्षणी तळपायातून कळलं. पाच तास, बरोबर तू म्हणालीस तिथे.

आणि उभी असतानाच दिसलं. रांगेच्या लांबच्या टोकाकडच्या चिठ्ठ्यांचे कोपरे दुमडलेले. चोविसाव्यापासून पुढे चोवीस चिठ्ठ्या, त्यांतल्या बावीस दुमडलेल्या. अलीकडच्या तेविसांत फक्त तीन.

हा आमचा रिवाज. तुझ्या ठिपक्यासारखाच. तक्रार आली की जो मोकळा असेल तो चिठ्ठी घेऊन जातो. लिफ्ट उघडून बघितली आणि आपल्या आवाक्यातलं नाही असं वाटलं, की चिठ्ठीचा कोपरा दुमडायचा आणि मिस्त्रीकाकांच्या खणात सरकवायची. कुणी काही बोलत नाही. काका खण उघडतात, चिठ्ठी घेतात, जातात. पण तास तक्रार आल्यापासून मोजतात, आणि शेवटी ज्याची सही, सगळे तास त्याच्या नावावर. घड्याळ्या सकाळी घेऊन बसतो, दुपारी दुमडतो, काका संध्याकाळी करतात, आणि दिवसभराचे तास काकांच्या पेटीत. घड्याळ्याची पेटी काड्यापेटीएवढी का, हे आता कळलं. त्याची अवघड कामं त्याच्या पेटीत नाहीतच. माझी पेटीसुद्धा काय सुबक आहे, तू नकलेत बघितलीच असशील.

मी हे घड्याळ्याला सांगितलं तर तो मनगट बघत म्हणाला की कोपरे उंदीरही दुमडतात, तू शेरलॉक होऊ नकोस. खरंय, चिठ्ठीवर पहिल्या माणसाचं नाव नसतं. बाई नव्या, त्यांना वाटतं फाइलमध्ये ठेवताना कोपरे दुमडलेत.

म्हणून मी आधी सोपं ते केलं. तू म्हणालीस तसं बाईंना सांगितलं की एकतीस तासांची नोंद चुकली असणार, चिठ्ठी दिवसभर खिशात राहिली की असं होतं, ती काढून टाका. त्यांनी लगेच काढली. माणूस न्यायी आहे. आणि माझ्यासमोर पुन्हा चित्र काढलं. आत्या, पेटी हललीच नाही म्हण ना. उजवी कड अकरावरून साडेदहावर आली, बस. आणि कड सरकली म्हणून ते दीडपट अंतरही आखडलं, त्यामुळे इतके दिवस मिशीच्या टोकाला गुपचूप बसलेला बावीस तासवाला बाहेर पडून ठिपका झाला. एक काढला तर दुसरा उगवला. बाई म्हणाल्या, बघितलंस? मी काय बघणार, कपाळ.

पंधरा दिवस उरलेत. आता काय?

भिंगरी

१८ मार्च

भिंगरी,

चोविसावी चिठ्ठी पायाखाली धरून उभी राहिलेली तू, हे मी उद्या वर्गात सांगणार आहे. नाव न घेता.

पेटी हलली नाही याचं नवल नको. म्हणूनच तर ती वापरतात. एखाददुसऱ्या विचित्र आकड्याला ती भीक घालत नाही. मिस्त्रींच्या पेटीला एका ठिपक्याने ताणलेलं नाही, पंचवीस दुमडलेल्या कोपऱ्यांनी ताणलंय. एक ठिपका पुसून त्यांचं भलं होणार नव्हतं.

पण मी तुझं पत्र दोनदा वाचलं आणि एका ओळीपाशी अडले. मी लिहिलं होतं, तारीख चुकली असेल. तू बाईंना सांगितलंस, चिठ्ठी दिवसभर खिशात राहिली. खिशाचा विषय मी काढला नव्हता.

पळवाट मीच दाखवली, तेवढी चूक माझी. शिक्षकाने "कदाचित नोंद चुकली असेल" हे वाक्य सगळ्यात शेवटी म्हणायचं असतं, मी ते फार लवकर म्हटलं. पण मिस्त्रींच्या ठिपक्याबद्दल तुला त्या चित्रापेक्षा जास्त माहीत आहे असं मला वाटतं. पंचवीस कोपऱ्यांतले किती तुझे, असंही मी विचारू शकले असते. एकाचंच विचारते. कुणाच्या खिशात?

आत्या

२३ मार्च

आत्या,

तुझ्याशी पत्रव्यवहार म्हणजे एक्स-रे काढून घेण्यासारखं आहे. आधी माहीत असतं तर नुसती मांजरींची चित्रं पाठवली असती.

माझ्या खिशात.

जानेवारीत. सकाळी दहाची तक्रार, चार मजली इमारत. वर एक शिंपी राहतात, चाकाच्या खुर्चीवर असतात. घर वर, दुकान खाली. मी अकराला पोचले, एकपर्यंत झटापट केली. दार लागायचं पण लिफ्टला ते कळायचं नाही. शिंपीदादा वरून कठड्याशी खुर्ची आणून विचारत होते, झालं का, आज एका गिऱ्हाइकाचा कोट द्यायचाय. मी म्हटलं, तासाभरात माणूस पाठवते. कोपरा दुमडला, चिठ्ठी खिशात घातली आणि वर्कशॉपकडे निघाले.

वाटेत मैदान लागतं. तिथे सर्कस उतरत होती. मोठा खांब उभा करत होते, आणि दोर चुकीच्या बाजूने ओढत होते, आत्या, मला ते दिसत होतं. मी नुसतं सांगायला गेले. मग एक दोर हातात घेतला. तंबू चढला तेव्हा ऊन उतरलं होतं, सगळ्यांनी मिळून जेवायला बसवलं, मी तशीच खोलीवर गेले. दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी. दुपारी तीनला कपडे धुवायला काढले तेव्हा खिशात कागद लागला.

धावत गेले आणि काकांच्या खणात सरकवला. त्यांनी चिठ्ठी घेतली, तारीख बघितली, माझ्याकडे बघितलं, हत्यारांचा पेटारा उचलला. पाच वाजता लिफ्ट चालू. त्यांना तासाच्या वर वेळ लागलाच नसेल. बाकीचे तीस तास माझे. शिंपीदादा एक दिवस आणि एक रात्र वरच अडकले होते, कोट नेणारं गिऱ्हाईक जिन्याने वर येऊन ओरडून गेलं. काकांनी सही केली आणि मला एक शब्द विचारला नाही. आणि मी त्या भिंतीवरच्या चित्रासमोर उभी राहून तुला विचारत होते, पेटी लहान कशी करायची.

इतर कोपरे माझे सहा आहेत. विचारण्याआधीच सांगते.

काल मी काकांना म्हटलं, बाईंना सगळं सांगून टाकते. ते ब्रेकची पट्टी घासत होते. मान वर न करता म्हणाले, "चिठ्ठी हातात घेतली की ती आपली. मागे कुणाची होती ते काढत बसायचं नसतं, पोरी." मग मला पट्टीची दुसरी बाजू धरायला लावली.

त्यांनाच नको आहे, तर मी कशी सांगणार? सांगितलं तर त्यांचा शब्द मोडल्यासारखं होईल. माझी सहा महिन्यांची मुदतही संपत आलीय हे वेगळंच. तुला सांगितलं, आता जरा हलकं वाटतंय.

भिंगरी

२६ मार्च

भिंगरी,

तुझं पत्र चुकीच्या पत्त्यावर आलं. त्यावर तुझ्या मॅनेजरबाईंचं नाव हवं होतं.

मिस्त्रींचं बोलणं मोठ्या मनाचं आहे. पण ते त्यांनी बोलायचं. त्याला टेकून तू बसायचं नाही.

माझ्याकडे कबूल करून हलकं वाटलं याचा मला आनंद झाला नाही, हेही सांगते. माझ्या हातात कुणाचा करार नाही. इकडे टपाल पोचायला तीन दिवस लागतात आणि तुझ्याकडे पाचच उरलेत.

बाईंकडे जाशील तेव्हा रडू नकोस आणि सर्कसही फार रंगवू नकोस. चित्र समोर ठेव, चिठ्ठी समोर ठेव, तुझे तास तुझ्या नावावर मांडायला सांग. दुसऱ्यांच्या चिठ्ठ्यांबद्दल तू बोलू नकोस. पण चिठ्ठी हातोहात जाते तेव्हा घड्याळ थांबत नाही, एवढा रिवाज मात्र सांग. बाई न्यायी आहेत म्हणतेस. मग पुढचं त्यांना वाचता येईल.

आत्या

३० मार्च

आत्या,

तुझं पत्र काल दुपारी आलं. ते उघडायच्या आधीच मी सांगून आले होते, हे तुला खरं वाटणार नाही, पण काकांना पेटाऱ्यातली हत्यारं एकेक पुसून, त्यांतली कंपनीची वेगळी आणि स्वतःची वेगळी करताना बघितलं आणि मग बसवेना. स्वतःची फार थोडी निघाली. एक जुना स्क्रूड्रायव्हर दोन्ही ढिगांत दोनदा जाऊन आला.

बाईंच्या टेबलावर सात चिठ्ठ्या ठेवल्या. म्हटलं, या माझ्या. एकतीस तासांची पहिली. नोंद चुकली नव्हती, मी खोटं बोलले. बाईंनी चष्मा काढला. सर्कसपर्यंत आले तेव्हा मी आटोपतं घेतलं, तरी हत्ती एकदा आलाच. कोपऱ्यांचा रिवाज सांगितला. त्यांनी विचारलं, बाकीच्या अठरा कुणाच्या? मी म्हटलं, मी माझ्यापुरतं सांगू शकते. त्यांनी मिस्त्रीकाकांना बोलावून विचारलं. काका म्हणाले, सही कुणाची आहे? मग झालं तर. बाईंनी सातही कागद पुन्हा एकदा चाळले. शेवटी म्हणाल्या की सात चिठ्ठ्यांनी चित्र थोडं बदलेल, पण एवढ्यावर मी वर काय सांगू, आणि नोंद चुकली असं खोटं सांगितलंस त्याबद्दल तू उद्यापासून घरी बस, मी कळवीन.

बाहेर आले तर सगळ्यांना कळलेलं. कुणी वर बघेना. घड्याळ्या मात्र बोलला. म्हणाला, वा, स्वतः बुडालीस ते बुडालीस, आता आम्हालाही दोर लावून ओढ, तंबूवाली ना तू. उत्तर होतं, तसं चांगलं होतं, पण काका ऐकत होते.

आज सकाळी शिंपीदादांकडे जाऊन आले. लिफ्टने. माफी मागायला म्हणून गेले होते. त्यांनी ती ऐकून घेतली, हं म्हणाले, आणि मग रिकामी आहेस तर हे धर म्हणून कापडाचं टोक हातात दिलं. दोन तास धरून उभी होते. जाताना म्हणाले, तो म्हातारा मिस्त्री परवा येऊन दाराला तेल घालून गेला, बोलावलं नव्हतं तरी.

उद्या महिना संपतो. काकांचं काय झालं ते मला इथे बसून कळणार नाही, आणि वर्कशॉपमध्ये जायची मनाई. मी सकाळपासून एका कागदावर सगळ्यांच्या पेट्या काढून बघतेय, ज्याने लिफ्ट पहिल्यांदा उघडली त्याच्या नावावर ते तास टाकले तर काय होईल. काकांची पेटी माझ्या सातांनी थोडी आखडते, रेघ साडेचारावर येते. पण उरलेल्या अठरा जोवर तिथे आहेत तोवर उजवी कड काही डावीकडे यायचं नाव

थांब. कुणीतरी जिना चढतंय.

आत्या, घड्याळ्या आलाय. माझ्या खोलीवर, माझा पत्ताही त्याला माहीत नव्हता. घामाने भिजलाय आणि आल्यापासून एकदाही मनगटाकडे बघितलं नाही. पाणी प्यायला. मग खिशातून चिठ्ठ्या काढून माझ्या चित्रावर ठेवल्या आणि म्हणाला, "अकरा माझ्या आहेत. बाईंना सांगून आलोय." उरलेल्या सात बाकीच्या दोघांच्या, तेही आता गेलेत बाईंकडे. काका हत्यारं पुसत होते ते त्यालाही दिसलं म्हणे. बाईंनी काकांच्या कराराचा कागद बाजूला ठेवलाय, उद्याही काम चालू, नवी चित्रं बघितल्याशिवाय काही ठरणार नाही. मिस्त्रींचे तास आणि पहिल्या माणसाचे तास वेगवेगळे मांडून आण, आणि ती मुलगी लिहिता-मोजता येणारी आहे, तिच्याकडे जा, असं बाईंनीच सांगून पाठवलंय. माझ्या नोकरीचं काही म्हणाल्या का, ते मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही.

तो जमिनीवर बसून चिठ्ठ्या लहानापासून मोठ्यापर्यंत लावायला लागलाय. चौथी चुकवली आहे. जाते.

भिंगरी